बनगाव ते बेनापोल: सीमापार कॉरिडॉर, कांदा आणि गरिबीचं गणित

लासलगावच्या खळ्यावर भरलेली कांद्याची गाडी सुमारे दोन हजार किलोमीटर तोडून चार-पाच दिवसांत पश्चिम बंगालमधल्या बनगावला लागते. तिथून पेट्रापोलची हद्द काही किलोमीटरवर, आणि हद्दीपलीकडे लगेच बांगलादेशचं बेनापोल. जागतिक बँकेच्या मार्च 2021 च्या अहवालात हा शेवटचा टप्पा पार व्हायला लागणारा वेळ दिला आहे: 138 तास, म्हणजे पावणेसहा दिवस. अख्खा देश ओलांडायला लागतो त्याहून जास्त. त्यातले 28 तास निव्वळ माल या गाडीतून त्या गाडीत भरण्यात जातात. पूर्व आफ्रिकेत अशाच वर्दळीच्या सीमांवर सीमा ओलांडण्याचं अख्खं काम सहा तासांच्या आत होतं, असंही तोच अहवाल सांगतो.

सीमापार वाहतूक कॉरिडॉर म्हटलं की बातमीत नकाशा येतो, नकाशावर एक जाड रेघ येते आणि रेघेखाली कोटींचे आकडे. पण रस्ता म्हणजे कॉरिडॉर नव्हे. रस्ता किंवा रूळ हा त्यातला एक भाग. दुसरा भाग नियमांचा: पलीकडे कोणाची गाडी जाईल, किती वजन घेऊन, कोणत्या परवान्यावर, कोणत्या विम्यावर. तिसरा भाग सीमेवरच्या कामकाजाचा. आणि चौथा भाग या मुख्य मार्गाला जोडणाऱ्या गावरस्त्यांचा, गोदामांचा आणि बाजारांचा. पहिल्या भागाला पैसा मिळतो, फीत मिळते, फोटो मिळतो. व्यापार वाढणार की नाही हे बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा भाग ठरवतो, आणि गरिबाच्या पदरात काही पडणार की नाही हे चौथा.

सीमेवर गाडीचं काय होतं

निर्यातीची गाडी बनगावच्या आसपासच्या पार्किंगमध्ये उभी राहते. निर्यातदाराचा क्लिअरिंग एजंट कस्टम्सच्या संगणक प्रणालीत शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज, दाखल करतो. सोबत बीजक, पॅकिंग लिस्ट, कांद्यासारखा शेतमाल असेल तर रोग-कीड नसल्याचा फायटोसॅनिटरी दाखला, मूळ देशाचा दाखला आणि पलीकडच्या आयातदाराने उघडलेली एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी. बांगलादेशात शेतमाल आणायचा तर तिथल्या कृषी विस्तार खात्याचा आयात परवाना आधी लागतो. व्यापारी त्याला ‘आयपी’ म्हणतात. हा कागद नसेल तर बाकीचे सगळे असूनही गाडी हलत नाही.

कस्टम्सने ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे निर्यातीची परवानगी, दिली की ड्रायव्हरला सीमा ओलांडायचा कारपास मिळतो. तो घेऊन सीमा सुरक्षा दलाच्या तपासणीतून गाडी पलीकडे जाते, पण बेनापोलच्या बंदरापर्यंतच. ढाक्याला जायची मुभा तिला नाही. बेनापोलच्या शेडमध्ये माल उतरवायचा आणि रिकामी गाडी परत आणायची. शेड भरलेली असेल तर गाडी भरल्या अंगाने तिथेच उभी राहते आणि ड्रायव्हर तिच्यात अडकून पडतो, कारण कारपासवर फार लांब फिरता येत नाही. मग तिकडचा एजंट बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा अर्ज, भरतो, तपासणी होते, शुल्क बँकेत जमा होतं, बांगलादेशी ट्रक लागतो, हमाल माल चढवतात.

शिवाय लांबून आलेली गाडी स्वतः सीमेपलीकडे जातेच असं नाही. नाशिकच्या किंवा इंदूरच्या गाडीमालकाला आपली गाडी आठवडाभर खोटी करायची नसते. तो माल बनगावातच स्थानिक गाडीत उतरवून मोकळा होतो. अशा वेळी एकच गोणी तीनदा उतरते आणि तीनदा चढते. प्रत्येक हाताळणीत जाळी फाटते, कांदा आपटतो, आणि आपटलेला कांदा आधी सडतो.

घड्याळंही जुळत नाहीत. भारतात सुट्टी रविवारी, बांगलादेशात शुक्रवार-शनिवारी. सीमा चोवीस तास उघडी ठेवली तरी बँक, प्रयोगशाळा आणि सही करणारा अधिकारी चोवीस तास नसतात. साखळीतली एक कडी दहा ते पाच चालत असेल, तर अख्खी साखळी दहा ते पाचच चालते.

पेट्रापोलला सुधारणा झालीच नाही असं नाही. 2016 मध्ये तिथे एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला, राज्य सरकारने पुढे गाड्यांसाठी वेळ आरक्षित करण्याची ऑनलाइन पद्धत आणली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मालवाहतुकीसाठी ‘मैत्री द्वार’ उघडलं. पलीकडेही जून 2022 मध्ये 6.15 किलोमीटरचा पद्मा पूल सुरू झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नडाइल जिल्ह्यात मधुमती नदीवर पूल झाला, आणि बेनापोल-ढाका प्रवासातली फेरीबोटीची रांग टळली. पण फेरीत वाचलेले तास बेनापोलच्या शेडबाहेर गमवायचे असतील, तर पुलाचा अर्धा फायदा तिथेच जिरतो. कोलकात्याकडून येणारा जशोर रोड तर अजून बराचसा दुपदरीच आहे. त्यावर पाच रेल्वे उड्डाणपूल बांधायचे तर 356 जुनी झाडं तोडावी लागणार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि परवानगी फेब्रुवारी 2023 मध्ये मिळाली.

विलंबाचे पैसे कोण भरतं

हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नयेत. 25 टनांची गाडी, बेनापोलला किलोमागे 30 रुपये भाव, सहा दिवसांचा खोळंबा.

गाडीचं हॉल्टिंग, म्हणजे उभं राहण्याचं भाडं, रोज 3,000 रुपये धरलं तर सहा दिवसांचे 18,000. किलोवर वाटले तर 72 पैसे. सहा दिवसांत सड आणि वजनघट मिळून 4 टक्के गेले तर एक टन माल, म्हणजे 30,000 रुपये. किलोमागे 1 रुपया 20 पैसे. दोन्ही मिळून 1 रुपया 92 पैसे, म्हणजे क्विंटलला जवळपास 200 रुपये. भाडं, बारदान, हमाली, वाराई, एजंटाची फी हे सगळं वेगळंच.

आता व्यापारी लिलावात बोली लावतो तेव्हा तो बेनापोलच्या भावापासून मागे मोजत येतो. तिकडे इतके मिळतील, त्यातून हा खर्च, तो खर्च, माझा नफा, आणि उरलं ते शेतकऱ्याला. म्हणजे शेतकऱ्याचा भाव हा शेवटी उरलेला आकडा असतो. सीमेवर वाढलेला प्रत्येक रुपया एकतर ढाक्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो किंवा येवला-निफाडच्या शेतकऱ्याच्या. कोणाच्या खिशातून किती, हे कोण थांबू शकतो यावर ठरतं. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, तेव्हा शेतकऱ्याला थोडी तरी वाट पाहता येते. लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकावाच लागतो, त्यामुळे हिवाळ्यात सीमेवरच्या रांगेचा भार बहुतेक त्याच्याच अंगावर येतो.

यात आणखी एक खर्च लपलेला असतो, आणि तो कधीकधी सगळ्यांत मोठा ठरतो: अनिश्चितता. गाडी दर वेळी बरोबर सहा दिवस अडत असती तर व्यापाऱ्याने सहा दिवसांचा खर्च धरला असता. पण ती कधी दोन दिवसांत सुटते, कधी दहा. व्यापारी मग दहा दिवस धरूनच बोली लावतो. म्हणून कॉरिडॉरच्या अहवालात ‘सरासरी वेळ 20 टक्क्यांनी घटला’ असं वाचलं तर लगेच खूश होऊ नये. सर्वांत अडलेल्या गाड्यांचा वेळ किती घटला ते विचारावं.

जागतिक बँकेच्या त्याच अहवालाचा आणखी एक निष्कर्ष डोळ्यांत भरतो. भारतातल्या कंपनीला बांगलादेशातल्या कंपनीशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतल्या कंपनीशी करणं 15 ते 20 टक्के स्वस्त पडतं. दोन्ही देशांत वाहतूक अखंड झाली तर बांगलादेशचं राष्ट्रीय उत्पन्न 17 टक्के आणि भारताचं 8 टक्के वाढू शकेल, असाही अंदाज त्यात आहे. हे गणिती प्रतिमानावर (मॉडेलवर) काढलेले आकडे आहेत. दिशा कळण्यापुरते ते उपयोगी आहेत. पण सरासरी उत्पन्न वाढलं म्हणजे गरिबी त्याच प्रमाणात घटली असं होत नाही.

शुल्क नाही, तरी अडतं

भारताने 2011 मध्ये बांगलादेशच्या मालाला साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली, दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तू सोडून, शुल्कमुक्त प्रवेश दिला. तरी बांगलादेशची भारतातली निर्यात व्हायला हवी तेवढी का वाढली नाही? कारण अडचण शुल्काची उरली नव्हती. खाद्यपदार्थांचे नमुने तपासायला कोलकात्याला पाठवावे लागले की अहवाल येईपर्यंत माल पडून राहतो. एका देशाच्या मानक संस्थेचा दाखला दुसऱ्याने मानला नाही की तीच तपासणी पुन्हा होते. दुसऱ्या बाजूला बांगलादेशात आयात शुल्कावर पूरक शुल्क आणि नियामक शुल्क असे थर चढतात. अमरावती-नागपूरच्या संत्र्याला हे चांगलंच ठाऊक आहे. बांगलादेश हा त्याचा मोठा गिऱ्हाईक, आणि तिकडे शुल्काचे थर चढत गेले तशी इकडे वरुड-मोर्शीच्या बागांत भावाची पडझड झाली.

सगळ्यांत मोठा अडथळा मात्र गाडी बदलण्याचा. तो काढण्यासाठी 15 जून 2015 रोजी थिम्पूत बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करार केला. गाडी माल न उतरवता थेट मुक्कामाला जावी, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकाता-ढाका-आगरतळा अशी चाचणी फेरीही झाली. पुढे भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने मंजुरी दिली नाही, आणि उरलेल्या तिघांतही तपशिलावर गाडं अडलं.

हे तपशील क्षुल्लक वाटतात पण नाहीत. भारतीय गाडीचा ठाण्यात काढलेला विमा जशोरमधल्या अपघातात चालेल का? आत गेलेला माल वाटेतच विकला गेला तर बुडालेलं शुल्क कोणाच्या बँक हमीतून वसूल करायचं? एका देशात चालणारं ॲक्सलवरचं वजन दुसऱ्याच्या रस्त्याला झेपतं का? ड्रायव्हरला व्हिसा कोणता? आणि भारतातून जाणारा माल येणाऱ्या मालापेक्षा कितीतरी जास्त असल्याने परतीचं भाडं कुठून मिळणार? गाडी रिकामी परतणार असेल तर जातानाच्या भाड्यातच दोन्ही खेपा वसूल होतात. बांगलादेशी ट्रकमालकांना भारतीय गाड्यांचा लोंढा येईल अशी धास्ती वाटते, तीही अगदी निराधार नाही.

रांग म्हणजे कोणाची तरी रोजंदारी

28 तासांचं ट्रान्सशिपमेंट, म्हणजे माल या गाडीतून त्या गाडीत भरणं, अर्थतज्ज्ञाला अपव्यय दिसतं, पण बनगाव आणि बेनापोलच्या हमालाला ती मजुरी आहे. पार्किंगवाला, चहा-भाताची टपरी, पंक्चरवाला, स्थानिक गाडीमालक, एजंटाकडचा कारकून, या सगळ्यांची चूल त्या रांगेवर पेटते. या सीमाभागात दुसरं काम फार नाही. म्हणून ‘गाडी थेट जाऊ द्या’ म्हटलं की सर्वांत आधी विरोध होतो तो इथल्या संघटनांकडून. त्यांना प्रगतीविरोधी म्हणणं सोपं आहे. पण फायदा हजार मैलांवर लाखो लोकांत किलोमागे रुपया-दोन रुपये असा विखुरणार आणि नुकसान मात्र दोन गावांतल्या काही हजार घरांवर एकदम कोसळणार, हे त्यांना अहवालाशिवायही कळतं.

केनिया-युगांडा सीमेवर मलाबाला असंच घडलं. मोम्बासा बंदरातून कंपालामार्गे किगालीकडे जाणाऱ्या या उत्तर कॉरिडॉरवर पूर्वी गाडी प्रत्येक देशाच्या नाक्यावर दोनदा थांबे: एकदा बाहेर पडताना, एकदा आत शिरताना. मग दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसू लागले आणि गाडी जिथे प्रवेश करते त्या बाजूला एकदाच थांबू लागली. 2014 पासून त्याहून मोठा बदल झाला. युगांडा-रवांडाचे कर अधिकारी थेट मोम्बासातच बसले. शुल्क तिथेच भरायचं, कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावायचं आणि सीमेवर फक्त सील पाहायचं. वेळ वाचला, पण सीमेवरच्या क्लिअरिंग एजंटांचं काम बंदराकडे सरकलं आणि अनेकांची दुकानं बंद पडली. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद नव्हती.

ही तरतूद फार खर्चिक नसते. हमाल संघटनेला नव्या गोदामाच्या हाताळणीचं काम ठरवून देता येतं. शीतगृह, प्रतवारी आणि पॅकिंग सीमेजवळ उभारलं तर उतरवणं-चढवणं जातं त्या जागी माणसं लागणारं दुसरं काम येतं. पण हे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असावं लागतं. रांग संपल्यावर पैसे मागायला गेलं की कोणी दारात उभं करत नाही.

रस्त्यापासून किती लांब

कॉरिडॉरचा फायदा पाण्यासारखा सगळीकडे पसरत नाही. भारताच्या सुवर्ण चतुष्कोनाचा अभ्यास याबाबत बोलका आहे. मुंबई-पुणे-सातारा-कोल्हापूर मार्ग त्याचाच भाग. महामार्गापासून 10 किलोमीटरच्या आत असलेल्या जिल्ह्यांत कारखानदारीचं उत्पादन काम सुरू झाल्यानंतरच्या दशकात सुमारे 49 टक्क्यांनी वाढलं. त्यापलीकडच्या जिल्ह्यांत ठळक फरक दिसला नाही. चीनमध्ये तर उलटा अनुभवही आला. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या महामार्गांवर मध्येच सापडलेल्या छोट्या परगण्यांची वाढ मंदावली, कारण शहरातला स्वस्त माल तिथवर पोचला आणि स्थानिक कारखान्यांना तो झेपला नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो.

बांगलादेशात 1998 मध्ये जमुना नदीवर पूल झाला तेव्हा मागास उत्तर-पश्चिम भाग ढाक्याला जोडला गेला. तिथला मोठा बदल म्हणजे लोक शेतीतून बिगरशेती कामांकडे वळले. गरीब घरासाठी ही बहुतेक वेळा चांगली खूण असते, कारण शेतमजुरी हंगामी असते. पण ज्याची जमीन रस्त्यालगत आहे त्याला लागणारी लॉटरी, आणि ज्याची जमीनच नाही त्याला वाढीव भाडं, हेही त्याच पुलाबरोबर येतं. जमिनीची बातमी आधी कोणाला कळली यावर निम्मा फायदा आधीच वाटला गेलेला असतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे उलगडून सांगायची गरज नाही.

म्हणून जोडरस्त्यांना महत्त्व. मुख्य मार्गावर गाडीला दहा टायर असतात, पण गावातून माल निघतो तो छोट्या टेम्पोत, आणि टन-किलोमीटरला सर्वांत महाग पडतो तोच तुकडा. तो पावसात बंद पडत असेल तर चौपदरी महामार्ग त्या गावासाठी नसल्यासारखाच.

रेल्वेचंही तसंच. 2020 च्या टाळेबंदीत पेट्रापोलचा रस्ता बंद पडला तेव्हा लासलगावहून कांद्याच्या गाड्या रुळांवरून बांगलादेशातल्या दर्शनाला गेल्या. त्याच काळात आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातल्या रेड्डीपालेमहून 16 डब्यांची पार्सल गाडी 384 टन सुकी मिरची घेऊन बेनापोलला पोचली. रेल्वेने दिलेला खर्च टनाला 4,608 रुपये, रस्त्याने तो 7,000. मग सगळेच रेल्वेने का पाठवत नाहीत? कारण साध्या मालगाडीसाठी एका वेळी 1,500 टनांहून जास्त माल जमवावा लागतो. छोट्या व्यापाऱ्याकडे इतका माल नसतो, शेतकऱ्याकडे तर नाहीच. पार्सल गाडीत मर्यादा 500 टनांपर्यंत खाली आली आणि पाच-सात जणांना मिळून गाडी भरता आली. भाड्यातल्या सवलतीइतकाच, किंबहुना जास्तच, उपयोग ही किमान अट खाली आणण्याचा झाला.

तोच कांदा, दोन गरीब

पेट्रापोलहून गेलेला कांदा ढाक्यातल्या रिक्षावाल्याचं ताट स्वस्त करतो. तोच कांदा बांगलादेशातल्याच पाबना आणि फरीदपूरच्या शेतकऱ्याचा भाव पाडतो. हे दोघेही गरीबच. म्हणून बांगलादेश सरकार आपल्या कांद्याच्या काढणीच्या वेळी आयपी थांबवतं आणि बाजारात भाव भडकले की पुन्हा सुरू करतं, जसं 2023 मध्ये मार्चनंतर थांबवून जूनमध्ये केलं. इकडे भारत सरकारही आपल्या गिऱ्हाइकासाठी तेच करतं. 14 सप्टेंबर 2020 ला निर्यातबंदी आली तेव्हा शेकडो गाड्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली इथे सीमेला टेकून उभ्या होत्या, आणि त्यातला बराच माल तिथेच सडला. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी, मे 2024 मध्ये ती उठवताना किमान निर्यात मूल्य आणि शुल्क, आणि शुल्क पूर्ण हटलं ते 1 एप्रिल 2025 ला.

यातला एखादा निर्णय योग्य होता की चूक, हा वेगळा वाद. कॉरिडॉरच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की ज्या दाराला दोन्ही बाजूंनी कधीही कडी लागू शकते, त्या दारासाठी कोणी शीतगृह बांधत नाही. वाटेत निघालेल्या मालाला सूट, आणि बंदीआधी पंधरा दिवसांची सूचना, एवढ्या दोन गोष्टींनीही बरंच नुकसान टळलं असतं.

ईशान्य भारताचा प्रश्न तर निव्वळ दारावर येऊन ठेपतो. आगरतळ्याचा माल कोलकाता बंदराला न्यायचा तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून 1,600 किलोमीटर जावं लागतं. बांगलादेशातून सरळ गेलं तर 450. चट्टग्राम बंदर तर आगरतळ्यापासून जेमतेम 200 किलोमीटरवर, आणि ते वापरता आलं तर वाहतूक खर्च 80 टक्क्यांनी कमी होईल, असं जागतिक बँकेचं गणित आहे. फाळणीपूर्वी हाच मार्ग होता, 1965 च्या युद्धानंतर तो पुरता तुटला. मार्च 2021 मध्ये त्रिपुरातल्या साब्रूमजवळ फेणी नदीवर 1.9 किलोमीटरचा मैत्री सेतू झाला. उद्घाटन झालं, पण नंतरच्या काही वर्षांतही त्यावरून नियमित मालवाहतूक सुरू झाली नाही. दरम्यान त्रिपुरातल्या सिमेंटच्या गोणीवर फेऱ्याचं भाडं चढतच राहिलं, आणि ते घर बांधणाऱ्या प्रत्येकाने भरलं.

छोट्या व्यापाऱ्याची सीमा

गरिबीच्या दृष्टीने सर्वांत कमी खर्चाचा उपाय मोठ्या गाड्यांचा नाहीच. 2011 मध्ये मेघालयातल्या कालाईचर इथे भारत-बांगलादेश सीमेवर पहिला ‘बॉर्डर हाट’ भरला. हद्दीवर 75 मीटर बाय 75 मीटरची जागा, ठरलेला वार, सीमेपासून 5 किलोमीटरच्या आतले विक्रेते, शुल्क नाही. माणशी खरेदीची मर्यादा आधी 50 डॉलर होती, ती 100 आणि मग 200 झाली. भाजी, फळं, गमछे, प्लास्टिकच्या वस्तू. उलाढाल किरकोळ, पण जी बाई रात्री कुंपणाच्या फटीतून माल देऊन निम्म्या किमतीवर समाधान मानायची, तिला उजेडात पूर्ण भाव मिळू लागला. कोविडमध्ये हे हाट बंद पडले तेव्हा त्या गावांत पर्याय नव्हता.

पूर्व आफ्रिकेत 2,000 डॉलरपर्यंतच्या मालाला सोप्या एकपानी दाखल्यावर जाऊ देतात, एजंट लागत नाही. अडतं ते अशा ठिकाणी: दाखल्याची माहिती फक्त इंग्रजीत असते, स्त्रियांसाठी शौचालय नसतं, किंवा नाक्यावरचा शिपाई दाखला असूनही हात पुढे करतो. मग बाई पुन्हा आडवाटेने जाते. नियम कागदावर सोपा असून भागत नाही, नाक्यावर दराचा फलक आणि तक्रार घेणारा माणूस लागतो.

न्हावा-शेवाचा फेरा

2025 मध्ये हे सगळं राजकारणापुढे किती नाजूक आहे ते दिसलं. एप्रिलमध्ये बांगलादेशने बेनापोलसारख्या भू-बंदरांतून भारतीय सुताची आयात बंद केली. त्याच महिन्यात भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदरा-विमानतळांतून तिसऱ्या देशात पाठवण्याची दिलेली सोय काढून घेतली. 17 मे रोजी तयार कपडे फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता या समुद्री बंदरांतूनच येतील असा आदेश निघाला. जूनमध्ये तागाच्या काही वस्तूंसाठी तर एकटं न्हावा-शेवाच उरलं. म्हणजे जशोरकडचा ताग हुगळीच्या काठावरच्या गिरण्यांकडे यायचा, तर आधी अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरायचा. यात मोठ्या निर्यातदाराने जहाज धरलं. ज्याचा महिन्याला एक ट्रक कपडा जायचा, त्याला कंटेनर भरता येत नाही. त्याने धंदाच सोडला, किंवा माल मोठ्याला कमी भावात दिला. बेनापोलचे हमाल, ज्यांच्या रोजंदारीसाठी एरवी थेट वाहतुकीला विरोध होत होता, त्यांचीही खेप गेली.

कॉरिडॉरची पुढची घोषणा वाचताना किती किलोमीटर आणि किती कोटी याच्या आधी काही गोष्टी शोधाव्यात. गाडी पलीकडे कुठपर्यंत जाणार, आणि परतताना भरलेली येणार का. सर्वांत अडलेल्या गाडीचा वेळ कोण मोजणार आणि दर महिन्याला जाहीर करणार. तपासणीची प्रयोगशाळा नाक्यावर आहे की शंभर किलोमीटरवर. एका ट्रकपेक्षा कमी माल असलेल्याला जागा आहे का. जोडरस्त्यांचे पैसे त्याच मंजुरीत आहेत की ‘पुढच्या टप्प्यात’. आणि ज्यांचं काम जाणार त्यांची यादी कोणी केली आहे का, नावानिशी.